शाळा व्यवस्थापन समिती (महाराष्ट्र)

शाळा व्यवस्थापन समिती ही सरकारी, जिल्हा परिषद, नगरपालिका आणि अनुदानित शाळांना पालकांपुढे उत्तरदायी ठेवण्यासाठी कायद्याने नेमलेली समिती आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला. त्याच्या कलम २१ मध्ये समितीची तरतूद आहे, तर राज्यातला तपशील २०११ च्या महाराष्ट्र नियमांत आहे. त्यापूर्वी गावात ग्रामशिक्षण समिती असे आणि तिचे अध्यक्षपद सरपंचाकडे असे. नव्या रचनेत ते पालकाकडे आले. कागदावर हा बदल एका ओळीचा दिसतो. प्रत्यक्षात शाळेच्या पैशावरची सही ग्रामपंचायतीच्या राजकारणातून निघून, ज्याचे मूल त्याच शाळेत बसते अशा माणसाच्या हाती आली.

समितीत १२ ते १६ सदस्य असतात. त्यांपैकी ७५ टक्के पालक हवेत, म्हणजे बारांच्या समितीत नऊ आणि सोळांच्या समितीत बारा. उरलेल्या जागांवर स्थानिक प्राधिकरणाचा निवडून आलेला सदस्य, शिक्षक प्रतिनिधी आणि शिक्षणतज्ज्ञ असतात. निम्मे सदस्य महिला असणे बंधनकारक आहे. वंचित व दुर्बल घटकांतील पालकांनाही त्यांच्या मुलांच्या प्रमाणात जागा द्याव्या लागतात. पालक आपल्या सभेत प्रतिनिधी निवडतात, अध्यक्ष पालकांमधूनच होतो आणि मुख्याध्यापक पदसिद्ध सचिव असतो. विद्यार्थीही बैठकीला बसतात, पण त्यांना मत नसते. बैठक महिन्यातून किमान एकदा आणि पुनर्गठन दर दोन वर्षांनी होते. ज्या वाडीवरच्या शाळेचा पट दहा-बाराच आहे तिथे नऊ पालक शोधायचे म्हणजे जवळजवळ सगळे गावच समितीवर घ्यावे लागते. तिथे निवडणूक हा शब्द नावापुरताच उरतो.

कायद्याने समितीला शाळेच्या कामकाजावर देखरेख, शाळा विकास आराखडा आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ही कामे दिली आहेत. अनुदानित आणि अल्पसंख्याक शाळांत मात्र २०१२ च्या दुरुस्तीनंतर तिची भूमिका केवळ सल्लागाराची आहे. खासगी विनाअनुदानित शाळांना कलम २१ लागूच होत नाही.

आराखडा तीन वर्षांचा असतो आणि त्यात तीन वार्षिक उपआराखडे असतात. तो आर्थिक वर्ष संपण्याच्या तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरअखेर तयार हवा. इयत्तानिहाय अपेक्षित पट, त्यानुसार लागणारे जादा शिक्षक, वर्गखोल्या-स्वच्छतागृहे-पाणी यांची गरज आणि वर्षवार निधी एवढे त्यात येते. अध्यक्ष आणि सचिव यांच्या सहीने तो स्थानिक प्राधिकरणाकडे जातो. चांगला आराखडा ओळखायची साधी खूण म्हणजे त्यातील आकडे कायद्याच्या अनुसूचीशी ताडून पाहता येतात. पहिली ते पाचवीला ६० पटापर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन आणि ९१ ते १२० ला चार हवेत. पहिली ते पाचवीसाठी वर्षात कामाचे दिवस २०० आणि अध्यापनाचे तास ८००, तर सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास ठरवून दिले आहेत. गेल्या वर्षीच्या आराखड्यावर फक्त साल बदलून दिलेली प्रत केंद्रप्रमुखाच्या, म्हणजे परिसरातील काही शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, टेबलावर पडून राहते.

पैशाच्या बाबतीत समग्र शिक्षा योजनेतील संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरते. ३० पर्यंत पटाला १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००, १००० पर्यंत ७५,००० आणि त्यापुढे १ लाख अशी त्याची कमाल मर्यादा आहे. त्यातील किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्चायची असते. तपासणीत कीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही), पावत्या आणि साठा नोंदवही या तिन्हींचा मेळ बसला पाहिजे. पंखा विकत घेतल्याची पावती आहे, पण साठा नोंदवहीत पंखा नाही, ही सर्वांत नेहमीची त्रुटी. निधी मार्चच्या तोंडावर आला तर घाईत खरेदी होते आणि ठराव मागाहून लिहिला जातो. लेखापरीक्षक नेमके तेच पकडतो, कारण ठरावाची तारीख बिलाच्या नंतरची निघते.

शिक्षकांची पदे, अनुदान, पोषण आहाराचा तांदूळ हे सगळे पटाला बांधलेले असल्याने पट फुगवण्याचा मोह जुना आहे. नांदेड जिल्ह्यात आधी झालेल्या तपासणीनंतर ३ ते ५ ऑक्टोबर २०११ दरम्यान राज्यभर पटपडताळणी झाली. वर्गात बसलेली मुले मोजून ती हजेरीपटाशी ताडण्यात आली. आता संचमान्यतेसाठी, म्हणजे पटानुसार शाळेची शिक्षकपदे मंजूर करताना, आधार-प्रमाणित विद्यार्थीच धरले जातात. त्यात उलटी अडचण उभी राहिली आहे. जनरल रजिस्टरमधले (शाळेच्या प्रवेश नोंदवहीतले) नाव आणि आधारवरचे नाव यांत एका वेलांटीचा फरक असला तरी मूल पटात धरले जात नाही आणि पट काठावर असेल तर एक शिक्षक अतिरिक्त ठरतो. समितीने जून-जुलैतच ही नावे पाहून पालकांना दुरुस्तीला पाठवावे. संचमान्यता हाती आल्यावर धावपळ करून काही निघत नाही.

पोषण आहाराचा हिशेब कोणत्याही पालकाला करता येतो. पाचवीपर्यंत दर मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम आणि आठवीपर्यंत १५० ग्रॅम तांदूळ ठरलेला आहे. पाचवीपर्यंतच्या शाळेत ४० मुले जेवली तर ४ किलो शिजायला हवेत. त्या दिवसाची हजेरी, जेवलेल्यांची संख्या आणि गोदामातली शिल्लक हे तीन आकडे शेजारी मांडले की फरक दिसतो. फरक बहुधा शनिवारी किंवा सणाच्या आदल्या दिवशी निघतो, कारण तेव्हा हजेरी घसरते पण वहीत आदल्या दिवसाचाच आकडा उतरतो.

शिस्तभंगाची कारवाई करणे, बदली करणे वा वेतन रोखणे समितीच्या हातात नाही. तिचे खरे हत्यार इतिवृत्त आहे. ‘शिक्षक उशिरा येतात यावर चर्चा झाली’ या नोंदीला काही किंमत नसते. तारखा, वेळ आणि कोणत्या वर्गावर कोणी नव्हते हे लिहून त्यावर सदस्यांच्या सह्या झाल्या, तर गटशिक्षणाधिकाऱ्याला त्यावर काहीतरी लिहावे लागते. कलम २४ मध्ये शिक्षकाची नियमितता, वक्तशीरपणा आणि पालकांशी नियमित बैठका ही कर्तव्ये स्पष्ट आहेत. तक्रारीत या कलमाचा उल्लेख असावा. कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. त्याने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो आणि पुढचे अपील महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे जाते. तोंडी तक्रारीला हा तीन महिन्यांचा काटा लागत नाही, म्हणून पोच घेतलेली प्रत जपून ठेवावी. शिक्षक गैरहजर दिसला तर तो कुठल्या कामावर आहे, हेही आधी विचारावे. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक वगळता इतर अशैक्षणिक कामांना कलम २७ ने मनाई आहे. अशा वेळी तक्रार शिक्षकाविरुद्ध नव्हे, त्याला तिकडे पाठवणाऱ्याविरुद्ध करावी लागते.

समिती निष्प्रभ होते ती बहुधा एकाच रीतीने. बैठक होत नाही, मुख्याध्यापक इतिवृत्त लिहून घरोघरी सह्या घेतो आणि महिला सदस्यांच्या जागी त्यांचे पती सही करतात. चौथीपर्यंतच्या शाळेत तर मूल पुढच्या शाळेत गेले की पालकाचे सदस्यत्वही संपते, त्यामुळे कामाची ओळख झालेली माणसे दर वर्षी गळतात. यावर काही शाळांनी केलेला उपाय म्हणजे पहिली-दुसरीच्या पालकांना निवडीत पुढे आणणे. बैठकही आठवडी बाजाराच्या दिवशी किंवा मजुरीच्या वेळेत न घेता संध्याकाळी ठेवली, तर ज्यांच्यासाठी जागा राखून ठेवली आहे त्यांना येता येते.