रोजचे सौंदर्य दिसेनासे का होते?

'सुंदर फूल पाहताच मेंदूत आनंदाचे हार्मोन स्रवते आणि मन शांत होते' अशा आशयाचे संदेश हल्ली सकाळच्या सुप्रभातासोबत व्हॉट्सॲपवर हमखास येतात. हे इतके सरळ असते, तर दिवसभर शेवंती आणि निशिगंधाच्या ढिगांमध्ये बसणारे दादरच्या बाजारातले फुलविक्रेते मुंबईतले सर्वांत निवांत लोक ठरले असते. नेहमीच्या गोष्टींमधले सौंदर्य मनाला स्वस्थता देते, यात तथ्य आहे. मात्र त्यासाठी ते आधी दिसावे लागते, आणि नेमका तिथेच आपला मेंदू आडवा येतो.

एक साधा प्रयोग करून पाहावा. पांढऱ्या कागदावर पेनाने एक ठिपका काढावा, त्यापासून चार-पाच बोटे अंतरावर पेन्सिलीने अगदी फिकट डाग घासावा, आणि डोळे न हलवता ठिपक्याकडे टक लावावी. काही सेकंदांत डाग विरून जातो आणि नजर हलताच परत येतो. स्विस वैद्य इग्नात्स त्रॉक्सलर यांनी 1804 मध्ये या परिणामाचे वर्णन केले होते. दृष्टिपटलापासून पुढची आपली यंत्रणा मुख्यतः बदल टिपण्यासाठी घडलेली आहे. दृष्टिपटलातील रक्तवाहिन्या प्रकाशाच्या वाटेतच असतात, तरी त्यांची सावली आपल्याला एरवी कधीच दिसत नाही, कारण ती डोळ्याच्या प्रत्येक हालचालीबरोबर हलते आणि दृष्टिपटलावरची तिची जागा बदलत नाही.

डोळ्याच्या पलीकडे, चेतापेशींच्या जोडांमध्येही असेच सरावणे चालते, आणि ते कसे घडते हे चेताशास्त्रज्ञ एरिक कँडेल यांनी ॲप्लिसिया या समुद्री गोगलगाईत दाखवले. 2000 साली नोबेल पारितोषिकाचा एक वाटा त्यांना मिळाला, तो चेतासंस्थेतील संदेशवहनाच्या अशाच संशोधनासाठी. या प्राण्याच्या नळीसारख्या अवयवाला हलका स्पर्श केला, की तो श्वास घेण्याचा आपला अवयव, म्हणजे कल्ला, आत ओढून घेतो. तोच स्पर्श पुन्हा पुन्हा केला, तर प्रतिसाद मंदावत जातो. स्पर्श ओळखणारी पेशी थकलेली नसते, तिच्यातून विद्युतसंदेश निघतच असतो; पण तिच्या टोकापासून पुढच्या पेशीकडे जाणारे चेतासंदेशक रसायन दर खेपेस कमी सुटते. 'रोज मरे त्याला कोण रडे' या म्हणीचे हे रसायनशास्त्र होय. आता शेपटीला विजेचा झटका दिला, की सिरोटोनिन स्रवते, त्यामुळे पेशीच्या आत निरोप पोचवणारे सायक्लिक एएमपी हे रसायन वाढते, पोटॅशियमच्या काही वाहिन्या बंद होतात, विद्युतसंदेश थोडा लांबतो, कॅल्शियम अधिक आत शिरते आणि मंदावलेला जोड पुन्हा जोमाने काम करू लागतो. व्हॉट्सॲपवर 'आनंदाचे रसायन' म्हणून मिरवणारे सिरोटोनिन इथे धोक्याची घंटा वाजवते, हे ध्यानात घेतले तर एकेका रसायनाला एकेक भावना चिकटवून देण्यातला पोकळपणा कळतो.

माणसाच्या मेंदूतला मामला अर्थातच कितीतरी गुंतागुंतीचा आहे, पण सरावणे हा मूळ गुण सारखाच आहे, आणि त्याची एक बाजू आपल्या उपयोगाची आहे: ते ठरावीक उद्दीपनापुरते, म्हणजे प्रतिसाद जागवणाऱ्या त्याच एका गोष्टीपुरते असते. उद्दीपन बदलले, की प्रतिसाद परततो. गॅलरीतली तीच जास्वंद 'लाल फूल' म्हणून कधीच विझलेली असते. परंतु फुलाच्या मधोमधून बाहेर झुकलेल्या दांड्याच्या अगदी टोकाला जवळून पाहिले, तर पाच मखमली लाल ठिपके दिसतात, आणि त्यांच्या खाली बारीक तंतूंवर पिवळ्या परागांचे दाणे. बघण्याचा तपशील बदलला, एवढ्याने मेंदूपुढे नवे काम येते.

स्वस्थता येते ती या कामातूनच, असे मला वाटते. हाताशी काम नसताना मेंदूची जी जाळी सक्रिय असते, तिचे वर्णन मेंदूशास्त्रज्ञ मार्कस रेकल आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये केले. स्वतःविषयीचे विचार, झाल्या-गेल्याची उजळणी आणि उद्याची चिंता यांच्याशी तिचा जवळचा संबंध आहे. लक्ष बाहेरच्या तपशिलात गुंतले, की या चर्‍हाटाला जागा कमी उरते. स्टॅनफर्डमधील ग्रेगरी ब्रॅटमन आणि सहकाऱ्यांच्या 2015 च्या अभ्यासात 90 मिनिटे झाडाझुडपांतून चाललेल्यांनी अशी उगाळणी कमी झाल्याचे सांगितले, तर वाहत्या रस्त्याकडेने चाललेल्यांत तसा फरक आढळला नाही.

मला अधिक भावतो तो मेंदूशास्त्रज्ञ व्हर्जिनिया स्टर्म यांच्या गटाने 2020 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग. त्यात ज्येष्ठ नागरिकांना आठ आठवडे, आठवड्यातून एकदा 15 मिनिटे फिरायला सांगितले. निम्म्यांना मात्र वाटेतल्या गोष्टी नव्या नजरेने, विस्मयाने पाहण्याची सूचना होती. सर्वांनी सेल्फी काढायच्या होत्या. विस्मयाने पाहणाऱ्यांच्या सेल्फींत आठवड्यागणिक माणूस लहान होत गेला आणि भोवतालाने अधिक जागा व्यापली. त्यांचे हसूही रुंदावले, आणि दैनंदिन त्रासाची भावना दुसऱ्या गटाहून अधिक घटली. हे सहभागी निरोगी होते आणि त्यांची संख्या थोडी होती, त्यामुळे नैराश्यासारख्या आजारावर जास्वंद हा उपाय सांगणाऱ्या 'वेलनेस' शिबिरांना या अभ्यासाचा आधार घेता येणार नाही. तिथे डॉक्टरांकडेच गेले पाहिजे.