दोन ठोक्यांच्या मधला वेळ

समजा, एखादी घटना बरोबर 37 नॅनोसेकंद (1 नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग) चालली आणि ठोके मोजून वेळ सांगणाऱ्या आपल्या काउंटरच्या घड्याळाचा ठोका दर 10 नॅनोसेकंदांनी पडतो. काउंटर काय दाखवेल? कधी 3, कधी 4. घटना ठोक्याच्या किंचित आधी सुरू झाली तर तिच्यात चार ठोके बसतात; ठोका नुकताच पडून गेला असेल तर तीनच. 3.7 हे उत्तर काउंटर देऊच शकत नाही, कारण त्याला पूर्ण ठोक्यांपलीकडे काही मोजता येत नाही. मोजणी डिजिटल असली की ही एका ठोक्याची अनिश्चितता आलीच.

10 नॅनोसेकंद ऐकायला क्षुल्लक वाटतात, पण तेवढ्यात प्रकाश 3 मीटर जातो. लेझरचा झोत भिंतीवर आपटून परत यायला किती वेळ लागला, यावरून अंतर काढायचं असेल तर एका ठोक्याच्या चुकीने उत्तर दीड मीटरने हुकतं.

मग घड्याळच जास्त वेगाने चालवावं, असं कुणालाही वाटेल. काही मर्यादेपर्यंत ते जमतंही. पण 1 पिकोसेकंदाचा, म्हणजे नॅनोसेकंदाच्या हजाराव्या भागाचा, ठोका हवा असेल तर घड्याळ 1,000 गिगाहर्ट्झचं लागेल, आणि त्या वेगाने मोजणारा काउंटर नेहमीच्या चिपवर बनत नाही. शिवाय हाताशी आहे ते घड्याळ तरी आपण पुरतं वापरतो का, हे आधी तपासायला हवं. 16 मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या आर्डुइनो उनो या छोट्या प्रोग्रॅम करण्याजोग्या बोर्डाचं मायक्रोसेकंद सांगणारं तयार फंक्शन प्रत्यक्षात 4 मायक्रोसेकंदांच्या पायऱ्यांनीच पुढे सरकतं. त्याच चिपमधला टायमर मात्र बाहेरून सिग्नल येताक्षणी, प्रोग्रॅमची वाट न पाहता, स्वतःचा आकडा टिपून ठेवू शकतो. तो 62.5 नॅनोसेकंदांपर्यंत उतरतो, म्हणजे 64 पट बारीक. एक पैसाही न खर्चता मिळणारी ही सुधारणा अनेकांकडून वाया जाते, याची मला खरोखर हळहळ वाटते.

आता पुन्हा त्या 37 नॅनोसेकंदांकडे. घटना वारंवार घडणारी असेल आणि तिची सुरुवात ठोक्यांच्या संदर्भात कुठेही पडत असेल, तर 100 पैकी सुमारे 70 वेळा 4 येईल आणि 30 वेळा 3. सरासरी काढा: 3.7! जे उत्तर एकाही मोजणीत नव्हतं, ते सगळ्या मोजण्यांमध्ये मिळून दडलेलं होतं. एका मोजणीतला विखुरलेपणा इथे साधारण 4.6 नॅनोसेकंद आहे. 10,000 मोजण्यांच्या सरासरीत तो 100 पटींनी घटून 0.05 नॅनोसेकंदाच्या आत येतो. पण घटना घड्याळाशी पाऊल जुळवून येत असेल, तर दर वेळी एकच आकडा येईल, समजा 4 आणि फक्त 4. लाख मोजण्या केल्या तरी सरासरी 4 च. अशा वेळी घड्याळाचा ठोका मुद्दाम थोडा पुढेमागे हलवावा लागतो. मोजमाप सुधारण्यासाठी त्यात गोंधळ मिसळायचा, ही कल्पना मला आजही थक्क करते.

घटना एकदाच घडणार असेल तर सरासरीचा मार्ग बंद. इथे रोनाल्ड नट यांनी 1968 मध्ये मांडलेली रीत कामी येते. पूर्ण ठोके काउंटरने मोजायचे आणि दोन्ही टोकांना उरलेले तुकडे वेगळे मोजायचे. ठोके 0, 10, 20 अशा क्षणांना पडतात आणि घटना 6 ला सुरू होऊन 43 ला संपते, असं धरू. सुरुवातीनंतरचा पहिला ठोका 10 ला, शेवटानंतरचा पहिला ठोका 50 ला. मधले 40 नॅनोसेकंद काउंटर बिनचूक मोजतो. सुरुवातीचा तुकडा 4 चा, तो मिळवायचा. शेवटचा 7 चा, तो वजा करायचा. 40 अधिक 4 उणे 7, झाले 37. लांब पल्ल्याची जबाबदारी काउंटरवर आणि बारीक मापाची दुसऱ्या कुणावर तरी.

हे बारीक मोजमाप करायचं कसं? एक जुनी युक्ती कपॅसिटरची, म्हणजे विद्युतभार साठवणाऱ्या भागाची. तुकडा चालू असेपर्यंत कपॅसिटर ठरावीक करंटने भरायचा आणि मग हजारपट कमी करंटने रिकामा करायचा. रिकामं व्हायला हजारपट वेळ लागतो, आणि तो ताणलेला वेळ त्याच साध्या काउंटरला आरामात मोजता येतो.

दुसरी युक्ती व्हर्नियर पट्टीची, म्हणजे किंचित वेगळ्या अंतरांच्या खुणा असलेल्या दोन पट्ट्या शेजारी ठेवून बारीक माप घेण्याची. पिएर व्हर्निये यांनी 1631 मध्ये जे लांबीसाठी केलं, तेच वेळेसाठी. किंचित वेगळ्या गतीचे दोन ऑसिलेटर (ठोके देणारी सर्किट) घ्यायचे आणि त्यांचे ठोके किती फेऱ्यांनंतर एकमेकांवर बसतात ते मोजायचं. ह्यूलेट-पॅकार्डच्या 5370 या काउंटरमध्ये मूळ ठोका 5 नॅनोसेकंदांचा होता आणि दुसरा त्याहून 256 व्या भागाने लांब. त्यातून सुमारे 20 पिकोसेकंदांची पायरी मिळाली.

आजच्या चिपमध्ये बहुधा तिसरी रीत दिसते: सिग्नल एकामागोमाग लावलेल्या छोट्या फाटकांतून (लॉजिक गेटमधून) धावतो आणि ठोका पडताच सगळ्या फाटकांचा जणू एकाच वेळी फोटो निघतो. सिग्नल कितव्या फाटकापर्यंत पोचला होता, त्यावरून तुकड्याची लांबी कळते. सर्न या युरोपातल्या कणभौतिकी संशोधन केंद्राच्या प्रयोगांसाठी बनवलेल्या एचपीटीडीसी चिपने 25 नॅनोसेकंदांच्या ठोक्याचे असे टप्प्याटप्प्याने 1,024 भाग पाडले. एक भाग सुमारे 24.4 पिकोसेकंदांचा.

एफपीजीएमध्ये, म्हणजे आतली जोडणी आपल्याला हवी तशी ठरवता येणाऱ्या चिपमध्ये, हे करताना बेरजेतला हातचा पुढे नेणारी साखळी वापरतात, कारण चिपवरचा तो सर्वांत जलद मार्ग. अडचण अशी की त्या साखळीच्या पायऱ्या एकसारख्या नसतात, आणि तापमान बदललं की त्याही बदलतात. कोणती पायरी किती रुंद, हे शोधायला घड्याळाशी कसलाही संबंध नसलेले लाखो सिग्नल सोडतात. रुंद पायरीवर जास्त सिग्नल पडणार, अरुंद पायरीवर कमी. पुन्हा तोच 3 आणि 4 चा न्याय!

चालू काउंटर वाचतानाही जपावं लागतं. काउंटर आकडा 0 आणि 1 च्या बिटांत ठेवतो, आणि 0111 (7) वरून 1000 (8) वर जाताना चारही बिट बदलतात. नेमक्या त्या क्षणी वाचलं तर भलताच आकडा हाती येतो. ग्रे कोड या आकडे लिहिण्याच्या वेगळ्या पद्धतीत एका वेळी एकच बिट बदलतो, त्यामुळे चूक झाली तरी एका ठोक्याचीच.

पायरी बारीक झाली म्हणून मोजमाप अचूक झालं, असं मात्र समजू नये. ज्या क्वार्ट्झ स्फटिकाच्या तालावर सगळं चालतं, तोच दहा लाखांत एका भागाने चुकत असेल तर 1 सेकंदाच्या मोजणीत 1 मायक्रोसेकंदाची चूक येईल. तिथे 20 पिकोसेकंदांच्या पायरीचा काय उपयोग? पण मोजायचा वेळच इवलासा असतो तिथे ही पायरी सोन्याची ठरते. पेट स्कॅनमध्ये शरीरातल्या एका बिंदूपासून दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना निघतात, आणि ते दोन्हीकडच्या संवेदकांवर किती फरकाने पोचले यावरून तो बिंदू रेषेवर कुठे आहे याचा अंदाज येतो. या फरकात 200 पिकोसेकंदांची अनिश्चितता असेल तर बिंदूच्या जागेत 3 सेंटिमीटरची असते. वेळेची अनिश्चितता निम्मी केली की जागेची दीड सेंटिमीटरवर येते.