भट्टी, घड्याळ आणि कोयतीचं पाणी

पाती घडवण्याच्या टीव्ही स्पर्धांचा इतिहास सांगायचा तर सगळे 2015 पासून सुरुवात करतात. त्या वर्षीच्या जूनमध्ये एका अमेरिकी वाहिनीने ‘फोर्ज्ड इन फायर’ या कार्यक्रमात चार लोहारांना एकाच छताखाली भट्टीपुढे उभं केलं. तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीत एक जण बाद, शेवटी उरलेल्या दोघांना आपापल्या भट्टीवर एखादं ऐतिहासिक शस्त्र घडवायला काही दिवस आणि जिंकणाऱ्याला 10,000 डॉलर. पहिल्याच हंगामात जपानी कतानाबरोबर आपल्याकडचं चक्र आणि कट्यारही आली. तेव्हापासून केबलवरून आणि पुढे मोबाइलवरून हा प्रकार कोकणातल्या घराघरांत पोचला. ज्यांनी गावच्या लोहाराच्या शाळेत, म्हणजे त्याच्या भट्टीच्या खोपटात, कधी पाऊल टाकलं नाही अशा पोरांनाही आज ऐरण कशी असते ते ठाऊक आहे. हे या कार्यक्रमांचं श्रेय आहे आणि ते मोकळेपणाने द्यायला हवं.

पण यातल्या कसोट्यांची मुळं जुनी आहेत. अमेरिकेत हातघडणीच्या पात्यांचं पुनरुज्जीवन 1970 च्या दशकातलं. 1973 मध्ये तिथल्या एका कारागिराने पापुद्र्यांच्या पोलादाचे सुरे प्रदर्शनात मांडले आणि 1976 मध्ये लोहारांची संघटना उभी राहिली. तिची परीक्षा आजही कडक मानली जाते. मोकळा लोंबणारा इंचभर जाडीचा दोर एका घावात तोडायचा, मग लाकडाची फळी दोनदा आरपार छाटायची. एवढं झाल्यावर त्याच धारेने हातावरचे केस निघाले पाहिजेत. शेवटी पातं शेगड्यात, म्हणजे लोखंडी पकडीत, आवळून 90 अंशांत वाकवायचं आणि ते तुटता कामा नये. पडद्याने यातली तोडफोड उचलली. वाकवणं मागे पडलं. खरं तर लोहाराची अक्कल कळते ती त्या वाकवण्यातच.

इथेच या कार्यक्रमांबद्दलचा सगळ्यात मोठा वाद आहे, तो घड्याळाचा. पहिल्या फेरीला साधारण तीन तास. त्यात लोखंड ठोकून आकार द्यायचा आणि लालबुंद पातं तेलात बुडवून कडक करायचं. तेलातून ज्वाळा उठतात, स्पर्धक श्वास रोखतो, पातं वाकडं झालं की तडकलं ते सगळे वाकून बघतात. कॅमेऱ्याला हाच क्षण हवा असतो. मात्र असं कडक केलेलं पोलाद काचेसारखं ठिसूळ असतं. त्याला पुन्हा 200 अंश सेल्सिअसच्या आसपास तास-दोन तास तापवून कडकपणा थोडा उतरवावा लागतो, बरेचदा दोन वेळा. हे घड्याळात बसत नाही, त्यात बघण्यासारखंही काही नसतं, म्हणून ते कॅमेऱ्यामागे उरकलं जातं. प्रेक्षकाच्या मनात ठसतं ते एवढंच की तेलात बुडवलं की पातं झालं. निर्मात्यांची अडचण समजते, तरी हा निर्णय मला चुकीचा वाटतो. अर्धी कलाच त्यामुळे गाळली गेली.

कोकणातला लोहार ही दोन्ही कामं एका दमात करतो. कोयती तापवून तो फक्त धारेची बाजू पाण्यात धरतो. पाठीत ऊब शिल्लक असतेच. लगेच धार दगडावर घासून चकचकीत करायची आणि बघत राहायचं. पाठीतली उष्णता धारेकडे सरकते तसा त्या चकाकीवर रंग चढतो. आधी फिकट पेंढ्याचा, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. हवा तो रंग धारेवर आला की पुन्हा पाण्यात. क्षणभर उशीर झाला तर धार मऊ पडून मुडपते, घाई झाली तर पहिल्याच घावाला तुकडा उडतो. भट्टीजवळ अंधार मुद्दाम राखलेला असतो, कारण तापलेल्या लोखंडाचा रंग उजेडात फसवतो. पौष-माघात ऐन-किंजळीची कवळ, म्हणजे पाल्याच्या डहाळ्या, तोडायची, सड्यावर म्हणजे कातळाच्या पठारावर गवत कापताना पातं जांभ्यावर आपटायचं, एवढं सोसणारी कोयती या रंगाच्या पारखीतूनच निघते.

दमास्कस या नावाचा गोंधळही पडद्याने वाढवला. तिथे दोन जातींचं पोलाद थरांनी जोडून, दुमडून नक्षी काढतात आणि त्याला दमास्कस म्हणतात. दक्षिण भारतातल्या मुशीत गाळलेल्या ज्या पोलादाची ख्याती पश्चिम आशियात झाली, त्याची नक्षी आतल्या कार्बाइडच्या (लोखंड आणि कार्बन यांच्या कठीण संयुगाच्या) रांगांमुळे उमटते, थर जोडल्यामुळे नव्हे. गोष्टी दोन, नाव एक.

जुन्या काळाबद्दल थोडक्यात. घाटमाथ्यावर धावड लोक लोखंड गाळत. इंग्रजी अमलातली जंगलबंधनं आणि विलायतेहून येणारं स्वस्त लोखंड यांपुढे त्यांचा धंदा टिकला नाही. किनाऱ्यावर युरोपी पाती उतरत आणि त्यांना देशी मूठ बसवून फिरंग नावाची तलवार तयार होई. 1878 च्या शस्त्र कायद्यानंतर तलवारीचं काम आटलं. स्वातंत्र्यानंतर 1959 चा कायदा आला. त्याखालच्या 1962 च्या नियमांनी 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पाती शस्त्रांत धरली, पण शेतीची आणि घरगुती हत्यारं वगळली. इथला लोहार उभा राहिला तो या सवलतीवर आणि सुगीनंतर मिळणाऱ्या भाताच्या बलुत्यावर.

म्हणूनच त्या स्पर्धेतला परीक्षक माणसाच्या देहासारख्या मऊ जेलीच्या पुतळ्यावर वार करून ‘हे पातं ठार करील’ असा निवाडा देतो, तेव्हा कोकणातल्या माणसाला ते परकं वाटतं. पुढे त्या निवाड्यातल्या ‘किल’ (ठार करणं) या इंग्रजी शब्दाच्या स्पेलिंगमध्ये फेरफार करून सगळ्यांना जिवंत ठेवणारं असा अर्थ लावला गेला, पण पुतळे तसेच राहिले.

अलीकडे गवतकापणी यंत्रं आली, बाजारात तयार कोयत्या मिळू लागल्या, बलुतं गेलं आणि कोळसा महागला. ट्रकचे जुने कमानपाटे मात्र अजून मिळतात, आणि कोयतीला ते पोलाद उत्तम. टीव्ही बघून तलवार करून द्या म्हणत येणाऱ्यांना लोहार कायद्याचं नाव सांगून परत पाठवतो. त्यांनी तलवारीऐवजी एक विळी सांगितली, तर चार पैसे त्याच भट्टीवर पडतील आणि धारेवर रंग कसा चढतो तेही समोर उभं राहून बघता येईल.