तेलकट माती पेटवली की साफ होते?

भोसरी-चाकणकडच्या वर्कशॉपांत एक समज पक्का आहे: तेल मुरलेल्या मातीवर डिझेल ओतून काडी लावली की माती शुद्ध. तसं होत नाही. ज्योत वरच्या थराला चाटते, काजळी उडते आणि खालचं तेल तसंच राहतं. शिवाय उघड्यावर जाळणं बेकायदा, ते वेगळंच.

माती साफ करतं ते धुमसतं ज्वलन, म्हणजे ज्योतीशिवाय आतल्या आत जळणं, आणि ते आधी प्रयोगशाळेत तपासतात. स्टीलच्या उभ्या नळकांड्यात तळाला हवेची जाळी, त्यावर स्वच्छ वाळू, हीटर, मग दूषित माती. मधोमध काही सेंटिमीटरवर एकेक थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार. डांबरासारख्या जड तेलाला हीटरने साधारण ३०० ते ४०० अंशांपर्यंत तापवून मग हवा सोडतात. पेट घेतला की हीटर बंद. यापुढे वरच्या थर्मोकपलांनी क्रमाने जवळपास तेवढंच तापमानाचं शिखर गाठलं, तर ज्वलन स्वतःच्या बळावर चाललंय. शिखरं उतरत गेली, तर ते विझतंय: तेल कमी, ओल जास्त किंवा हवा अपुरी. बारीक नळकांड्याच्या भिंतीतूनही उष्णता पळते, म्हणून जाड इन्सुलेशन हवंच.

चिकट काळ्या मातीतून हवा जात नाही. वाळू मिसळावी लागते. बाहेर पडणारा वायू सक्रिय कोळशातून गाळावा. शिसं, क्रोमियम मात्र जळून नष्ट होत नाहीत.