इंडिकेटरचं बटण अडकतं तेव्हा आत काय झालेलं असतं

बाईक सात-आठ महिने उभी राहिली की पहिली तक्रार इंजिनाची नसतेच, हँडलवरच्या बटणांची असते. माझ्या बाईकचं तेच झालं. इंडिकेटरचं बटण डावीकडे ढकललं की तिथेच चिकटून बसायचं, मधे परत यायलाच तयार नाही, आणि हॉर्न दोन-तीनदा दाबल्यावर एकदा वाजायचा. बरेच जण अशा वेळी सरळ स्विचच बदलून टाकतात, पण मला वाटतं आधी उघडून बघावं, कारण बहुतेक वेळा आत तुटलेलं काहीच नसतं.

मुळात इथे आजार दोन असतात आणि दोघांवरचा उपाय वेगळा.

पहिला आजार ग्रीसचा. ग्रीस म्हणजे साबणाच्या जाळीत धरून ठेवलेलं तेल, स्पंजात पाणी असतं तसं. वर्षानुवर्षं ऊन लागून ते तेल थोडं उडतं, थोडं हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून घट्ट होतं आणि मागे उरतो तो साबण, त्यात धूळ मिसळली की खळ तयार. मी उघडला तेव्हा सरकपट्टीच्या खाचेत तपकिरी, वाळत आलेल्या डिंकासारखा थर होता, टूथपिकने उचलला तर तार सुटत होती. एवढ्याशा स्प्रिंगने तो थर ओढून बटण मधे आणायचं तरी कसं?

दुसरा आजार कॉन्टॅक्टचा, म्हणजे बटण दाबलं की एकमेकांना टेकून करंट पुढे नेणाऱ्या धातूच्या ठिपक्यांचा. पितळेचे किंवा तांब्याचे ते ठिपके आपल्याला सपाट दिसतात पण बारकाईने बघितलं तर डोंगरदऱ्या असतात, त्यामुळे दोन ठिपके एकमेकांवर टेकले तरी खरा स्पर्श मोजक्या टोकांनाच होतो आणि सगळा करंट तेवढ्यातूनच जातो. त्या टोकांवर ऑक्साइड चढलं की वाट अरुंद होते. हेडलाइटचा बल्ब ३५ वॅटचा आणि बॅटरी १२ व्होल्टची धरली तर करंट साधारण ३ अँपिअर, आता स्विचमधे नुसता अर्धा ओहम रेझिस्टन्स वाढला तरी सव्वा ते दीड व्होल्ट तिथेच खाल्ले जातात आणि बल्बचा उजेड जवळजवळ एक तृतीयांश कमी होतो, कारण व्होल्टेज थोडंसं पडलं तरी अशा बल्बचा उजेड खूप पडतो. वर ती तीन-चार वॅटची उष्णता स्विचच्या त्या एका ठिपक्यावर, म्हणून तर आतलं प्लास्टिक वितळलेलं सापडतं.

म्हणूनच करंटला वाट आहे असं सांगणाऱ्या मल्टीमीटरच्या बीपवर भरवसा ठेवू नका. मीटर तपासायला अगदी किरकोळ करंट सोडतो आणि बरेच मीटर वीस-तीस ओहम असले तरी बीप देतात. खरी तपासणी म्हणजे लाइट चालू ठेवून स्विचच्या दोन वायरींमधे व्होल्ट मोजायचे. माझ्याकडे ०.९ आले, चांगल्या स्विचला ०.२ च्या खाली यायला हवेत.

आता साफसफाई. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. स्विचचे दोन भाग उघडताना हात आणि स्विच दोन्ही मोठ्या पारदर्शक पिशवीत ठेवा, कारण आत स्प्रिंगवर बसलेला एक बारीक छर्रा असतो, बटणाला ती 'टिक' तोच देतो, आणि तो उडाला की सापडत नाही. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा. ग्रीस आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने निघतं. पेट्रोल नको, आग लागायची भीती आहेच आणि रबरही फुगतं. डब्ल्यूडी-४० मारला की बटण लगेच मोकळं होतं हे खरं, पण त्यात बहुतेक उडून जाणारं सॉल्व्हंट असतं, ते राहिलेलं ग्रीस सैल करून खोल नेतं आणि महिन्या-दोन महिन्यांनी परत तेच.

कॉन्टॅक्टवर पॉलिश पेपर घासायचा मोह होतो, तो टाळा, काही स्विचमधे चांदीचा पातळ मुलामा असतो, तो गेला की गेलाच. साधं खोडरबर पुरतं. हिरवा थर असेल तर कापसाच्या बोळ्यावर थोडं व्हिनेगर, मग लगेच पाण्याने पुसून, अल्कोहोल लावून पूर्ण कोरडं करायचं, ॲसिड मागे राहिलं तर तेच तांबं खात बसतं.

शेवटी नवीन ग्रीस, पण अगदी पातळ, सरकपट्टीला आणि छर्ऱ्याला. सिलिकॉन ग्रीस मात्र कॉन्टॅक्टच्या तोंडाशी नको, विशेषतः हॉर्नच्या बटणात. हॉर्नमधे कॉइल असते त्यामुळे बटण सोडताना बारीक ठिणगी पडते, आणि ठिणगीत सिलिकॉन जळलं की सिलिका बनते, म्हणजे वाळूचीच जात, त्यातून करंट जात नाही.

जोडून परत मोजलं तर ०.१ च्या आत आलं आणि इंडिकेटर पहिल्यासारखा टिक करून मधे यायला लागला.

अजून एक, सरकणारे कॉन्टॅक्ट वापरताना आपोआप घासून साफ होत असतात, म्हणून क्वचित वापरला जाणारा किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) बरेचदा आधी रुसतो आणि बाईक उगाच स्टार्ट होत नाही. मी आता आठवड्यातून एकदा तरी इंजिन त्यानेच बंद करतो, आणि मग चावी.