पीयूसी आणि आरडीई: धूर एकच, तपासण्या दोन

‘आमची गाडी बीएस-६च्या दुसऱ्या टप्प्यातली, आरडीई पास झालेली. मग पीयूसी कशाला काढायची?’ असं विचारणारे बरेच भेटतात. ‘पीयूसी आहे ना, म्हणजे आपली गाडी प्रदूषण करत नाही’ असं मानणारे त्याहून जास्त. दोन्हींत तपासतात तो सायलेन्सरमधून निघणारा वायूच, त्यामुळे हा घोळ होतो. पीयूसी होते ती तुमच्या त्या एका गाडीची, जागेवर उभी असताना. आरडीई, म्हणजे ‘रिअल ड्रायव्हिंग एमिशन्स’ चाचणी, होते ती त्या मॉडेलची, बाजारात येण्याच्या वेळी, रस्त्यावर चालवून. म्हणून आरडीई पास झालेल्या मॉडेललाही पहिल्या वर्षानंतर पीयूसी काढावीच लागते.

पेट्रोल पंपाच्या कडेला उभ्या असलेल्या व्हॅनमध्ये नेमकं काय मोजतात ते पाहू. पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी घालून, इंजिन आयडलिंगवर ठेवून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. बीएस-४ चारचाकीला मर्यादा आहे ०.३ टक्के आणि २०० पीपीएम. धुरातले घातक वायू तोडणारा कन्व्हर्टर खराब झाला असेल किंवा इंजिन जादा पेट्रोल खात असेल, तर ते यात बऱ्याचदा सापडतं. डिझेलची रीत वेगळी. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबतात आणि निघालेला धूर किती प्रकाश अडवतो ते यंत्र सांगतं. म्हणजे मोजली जाते ती काजळी.

नायट्रोजन ऑक्साइड्स पेट्रोल आणि डिझेल, दोन्हींच्या पीयूसीत मोजले जात नाहीत, आणि माझ्या मते सगळ्या विषयाची मेख इथेच आहे. हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एरवी एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. सिलिंडरमधलं तापमान खूप वाढलं की ते जुळतात. गाडी घाट चढते, भरलेली असते, ओव्हरटेक करते, तेव्हा हे होतं. उभ्या गाडीच्या इंजिनावर भारच नसतो, म्हणून पीयूसीच्या व्हॅनमध्ये हा वायू मोजणारं यंत्र बसवलं तरी रस्त्यावरचं चित्र काही कळणार नाही. शिवाय सायलेन्सरमधून निघताना हा मुख्यतः नायट्रिक ऑक्साइड असतो आणि त्याला रंग नसतो. धूर दिसत नाही म्हणून गाडी स्वच्छ, हा हिशोब डिझेलला लागू पडत नाही.

पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन नेमक्या प्रमाणात जळतात, त्यामुळे एकच थ्री-वे कन्व्हर्टर तिन्ही वायू सांभाळतो. फक्त तो तापलेला असावा लागतो. सकाळी थंड इंजिन सुरू करून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन यायचं, यात पेट्रोल गाडी सर्वांत घाण सोडते, आणि गरम इंजिनावरच्या पीयूसीत ते येत नाही. डिझेल इंजिन मुद्दाम जादा हवेवर चालतं. धुरात ऑक्सिजन उरतो, म्हणून तिथे हा कन्व्हर्टर नायट्रोजन ऑक्साइड्स तोडू शकत नाही. मग थोडा धूर परत इंजिनात फिरवणारा ईजीआर, युरियाचं द्रावण फवारणारी यंत्रणा असे उपाय करावे लागतात. कधी किती धूर फिरवायचा, किती युरिया सोडायचा, हे सॉफ्टवेअर ठरवतं.

सॉफ्टवेअर ठरवतं म्हटल्यावर लबाडीला वाव आला. प्रयोगशाळेत गाडी रोलरवर चढवून ठरलेल्या तालावर चालवतात. हा ताल ओळखणं सॉफ्टवेअरला अवघड नाही. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी तीन डिझेल गाड्यांच्या मागे यंत्रं लावून त्या खऱ्या रस्त्यांवर चालवल्या आणि २०१४ मध्ये निष्कर्ष मांडले. फोक्सवॅगनच्या जेट्टातून मर्यादेच्या १५ ते ३५ पट नायट्रोजन ऑक्साइड्स निघत होते, पसाटमधून ५ ते २० पट. तिसरी, बीएमडब्ल्यूची गाडी बहुतांशी मर्यादेत राहिली, म्हणजे डिझेल आवाक्यात ठेवता येतं. या गाड्यांना काजळीचा फिल्टर होता. आपल्याकडची धुराची चाचणी त्यांनी आरामात पार केली असती. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनची ही सॉफ्टवेअरची लबाडी उघड झाली. भारतात पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहनचाचणी संस्थेने तपासणी केली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कंपनीने इथल्या सुमारे ३.२३ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचं जाहीर केलं.

आरडीई सक्तीची होण्यामागे या प्रकरणाचा मोठा हात आहे. युरोपात ती सप्टेंबर २०१७ पासून नव्या मॉडेलना लागू झाली, भारतात १ एप्रिल २०२३ पासून. गाडीच्या मागे पेम्स नावाची, धूर मोजणारी फिरती पेटी बसवतात. सायलेन्सरला प्रवाहमापक, छतावर जीपीएस आणि तापमानाचा सेन्सर, वीज वेगळ्या बॅटरीतून. मग शहर, गाव आणि महामार्ग मिळून दीड ते दोन तास गाडी चालते आणि सेकंदासेकंदाची नोंद होते. रहदारी, चढ, वारा यांमुळे रस्त्यावरचा आकडा प्रयोगशाळेएवढा बंदिस्त नसतो, म्हणून सवलत देतात. बीएस-६ डिझेल मोटारीची नायट्रोजन ऑक्साइड्सची प्रयोगशाळेतली मर्यादा किलोमीटरला ८० मिलिग्रॅम, पेट्रोलची ६०. युरोपने आपल्या तेवढ्याच मर्यादेच्या २.१ पटीपर्यंतचा आकडा रस्त्यावर आधी मान्य केला, नंतर १.४३ पटीपर्यंतचा. पहिली सवलत मला फारच सढळ वाटते.

तुमची गाडी सहा वर्षांची झाल्यावर मात्र आरडीई तिच्याकडे पाहायला येत नाही. ईजीआर चोक होतो म्हणून तो बंद करून देणारे गॅरेजवाले आहेत. गाडी छान पळते, धूरही वाढत नाही, पीयूसी मिळते. वाढतात ते नायट्रोजन ऑक्साइड्स. ही दुरुस्ती कुणी सुचवली तर कृपया नाही म्हणा. पीयूसी केंद्रावर ती पकडली जाण्याची सोय आज नाही.

ही फट बुजवू शकणारी एक तिसरी पद्धत आहे: रस्त्याकडेला प्रकाशझोत लावून, जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा धूर एका सेकंदाच्या आत मोजायचा आणि नंबरप्लेटशी जोडायचा. दिल्ली आणि गुरुग्राममध्ये अशी मोजणी झाली. २०२४ मध्ये आलेल्या निष्कर्षांत बीएस-६च्या टॅक्सी आणि हलक्या मालवाहू गाड्या खासगी मोटारींपेक्षा कितीतरी जास्त नायट्रोजन ऑक्साइड्स सोडताना आढळल्या. दिवसभर रस्त्यावर असतात त्या याच गाड्या, आणि पीयूसीमध्ये यातलं काहीच मोजलं जात नाही.