चर्च आणि राज्य यांच्यातली भिंत कोणी मागितली?

अमेरिकेतील चर्च आणि राज्य यांची फारकत धर्मद्वेष्ट्यांनी ख्रिस्ती श्रद्धेवर लादली, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. कागदपत्रे मात्र वेगळेच सांगतात. या तत्त्वासाठी वापरले जाणारे ‘फारकतीची भिंत’ हे शब्द तेथील संविधानात नाहीत, एवढे खरे. ते राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या १ जानेवारी १८०२ च्या पत्रातले आहेत, आणि ते पत्र कनेक्टिकट राज्यातील डॅनबरी संघाच्या बाप्टिस्टांना, म्हणजे एका प्रोटेस्टंट पंथाच्या श्रद्धाळू ख्रिस्ती लोकांनाच, उत्तर म्हणून लिहिलेले होते. त्या राज्यात काँग्रिगेशनल चर्च या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाला राजाश्रय होता. त्याच्यासाठीच्या करातून सुटायचे तर आपण दुसऱ्या पंथाचे असल्याचा दाखला बाप्टिस्टांना द्यावा लागे, आणि आम्हाला मिळते ती मेहेरबानी आहे, हक्क नव्हे, हीच त्यांची तक्रार होती. सरकारला अधिकृत धर्म स्थापण्यास मनाई करणारी १७९१ ची पहिली घटनादुरुस्ती तेव्हा फक्त केंद्र सरकारला बांधत असल्याने ही व्यवस्था १८१८ पर्यंत टिकली. गंमत म्हणजे, त्याच १ जानेवारीला बाप्टिस्ट धर्मोपदेशक जॉन लेलँड यांनी मॅसॅच्युसेट्समधील चेशायरच्या गावकऱ्यांनी बनवलेले सुमारे ५६० किलोंचे चीज जेफरसन यांना भेट दिले होते. भिंतीची उपमाही मुळात जेफरसन यांची नव्हे: रॉजर विल्यम्स या धर्मोपदेशकाने १६४४ मध्येच ती वापरली होती, आणि तीही चर्चच्या बागेत बाहेरचे रान शिरू नये म्हणून.